काचेवरचा एक ठिपका

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही दोघींनी जो विषय घेतला, तो ऐकून मेसमध्ये सगळ्यांनी भरपूर हसून घेतलं. रात्रीच्या आकाशाचा फोटो द्यायचा आणि त्यातली नक्षत्रं प्रोग्रॅमने ओळखून दाखवायची. बाकीच्या ग्रुप्सनी गाड्यांच्या नंबरप्लेट ओळखल्या, कुणी हजेरीसाठी चेहरे ओळखले. म्हणजे ज्याचं कोड सीनियर्सकडून आयतं मिळतं ते. आम्हाला मात्र तारे हवे होते!

याला कारण माझे आजोबा. माझं लहानपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या तीन मजली इमारती. एकट्या वरळीत १२१. मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि संडास सगळ्यांचे मिळून. एवढ्याशा खोलीत सात माणसं असली की उन्हाळ्यात निम्मी गच्चीवर झोपायला जातात. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तरी त्यांची रात्री जागायची सवय गेली नाही. गच्चीवर पडल्या पडल्या ते मला आकाश दाखवायचे. सप्तर्षींना ते बाजलं म्हणत. चार ताऱ्यांचं बाजलं आणि ते ओढून नेणारे तीन चोर. मृगाचे तीन तारे दिसले की किती वाजले ते घड्याळ न बघता सांगत. पाळीला जायचं तर त्यांच्या तरुणपणी प्रत्येकाकडे घड्याळ कुठे होतं!

पुनर्विकासासाठी आमची इमारत रिकामी करायची ठरली तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी गच्चीवर जाऊन मोबाईलने आकाशाचा फोटो काढला. घरी आल्यावर मोठा करून बघितला. नऊ ठिपके. त्यातले दोन क्रेनवरचे दिवे निघाले. उरलेले सात कोणते ते मला सांगता येईना. आणि आजोबांच्या डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी विचारलं, मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. ते मनाला लागून राहिलं.

माझी रूममेट अंबाजोगाईची. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या गावी गेले आणि तिथल्या शेतातून रात्री दहाच्या सुमारास दुसरा फोटो काढला. त्यात उलटीच तऱ्हा. इतके ठिपके की मृग कुठला आणि काय कुठलं! वरळीत तारे कमी म्हणून ओळखू येईनात, अंबाजोगाईत जास्त म्हणून.

प्रोग्रॅमची कल्पना तशी सोपी आहे. फोटोतले सगळ्यांत तेजस्वी ठिपके घ्यायचे. त्यांतल्या तीन-तीनचे त्रिकोण करायचे. त्रिकोणाच्या बाजूंची गुणोत्तरं काढायची, कारण फोटो लहान-मोठा केला, फिरवला तरी गुणोत्तर बदलत नाही. मग ताऱ्यांच्या यादीवरून तसेच त्रिकोण आधीच करून ठेवायचे आणि जुळवत बसायचं. उपग्रहाला आपलं तोंड कुठे आहे हे कळण्यासाठी जो स्टार ट्रॅकर असतो तोही साधारण याच जातीचं काम करतो. जाणकार लोक तीनऐवजी चार तारे घेतात, म्हणजे चुकीची जुळणी कमी होते. आम्हाला हे कळेपर्यंत सबमिशन आठ दिवसांवर आलं होतं.

आणि त्याच आठवड्यात तो ठिपका सापडला. अंबाजोगाईच्या फोटोत रोहिणीच्या थोडं खाली. चांगला ठळक, आणि यादीत कुठेच नाही! ग्रह असेल म्हणून तपासलं, तिथे ग्रह नव्हता. रात्री दोन वाजता आम्ही दोघी हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये नाचलो. रेक्टर मॅडम उठून आल्या तेव्हा त्यांनाही आम्ही लॅपटॉप दाखवला. सकाळी गाइड सरांकडे पळालो. सर शांतपणे म्हणाले की त्याच मोबाईलने आता या टेबलावरच्या काळ्या फाइलचा फोटो काढा. काढला. ठिपका जागच्या जागी हजर. सेन्सरमधला एक पिक्सेल बिघडलेला होता.

सर हसले नाहीत, ही त्यांची कृपा. रिपोर्टमध्ये इतिहासाचं प्रकरण नीट लिहा, आणि त्यात वेणू बाप्पूंचं नाव आलंच पाहिजे, एवढं बजावून त्यांनी आम्हाला पाठवून दिलं. माझी समजूत अशी की सांगायचं ते त्यांनी त्यातच सांगितलं. कारण बाप्पूंनाही विद्यार्थीदशेत फोटोत एक जास्तीचा ठिपका सापडला होता. त्यांचा खरा निघाला.

मनाली कल्लट वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७चा, मद्रासचा. घराणं मूळचं केरळातलं, पण वाढले हैदराबादेत, कारण वडील निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. आईवडिलांचा हा एकुलता एक मुलगा. आता वेधशाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस येतो. निजामिया वेधशाळेचं मुख्य काम मात्र वेगळं होतं आणि ते आमच्या प्रोजेक्टचं सख्खं आजोबा म्हणावं असं होतं.

झालं असं की १८८७ साली पॅरिसला जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली. अख्ख्या आकाशाचे फोटो काढायचे आणि त्यावरून प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून यादी करायची असा बेत ठरला. आकाशाचे आडवे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिले. चिलीतल्या सांतियागो वेधशाळेच्या वाटचा एक पट्टा तिच्याकडून होईना, तो पुढे हैदराबादने उचलला. हैदराबादची ही वेधशाळा मुळात नवाब जफर जंग या हौशी सरदाराची. त्यांनी विलायतेहून दुर्बीण आणली होती. ते वारल्यावर १९०८मध्ये निजाम सरकारने ती चालवायला घेतली.

फोटो काचेवर निघत. कागदापेक्षा काच बरी, कारण ती ताणत नाही की आक्रसत नाही. एका काचेवर दोन अंश लांब, दोन अंश रुंद एवढं आकाश मावे. मोजमाप सोपं व्हावं म्हणून दुर्बिणीचं नाभीय अंतर असं ठरवलेलं की काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला. फोटो काढण्याआधी काचेवर पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची बारीक जाळी उमटवत. म्हणजे आपल्या ग्राफपेपरसारखंच! मग सूक्ष्मदर्शकाखाली ती काच ठेवायची आणि प्रत्येक ठिपक्याचा एक्स किती, वाय किती, ठिपक्याचा आकार केवढा, हे वहीत लिहायचं. एक तारा झाला की दुसरा. असे सुमारे साडेसात लाख तारे हैदराबादच्या यादीत आहेत आणि त्याचे बारा खंड छापले गेले. तीस वर्षं हे चाललं. ना कॉम्प्युटर, ना कॅल्क्युलेटर. आमचा प्रोग्रॅम सातशे ताऱ्यांना हँग होत होता.

आता आमच्या बिघडलेल्या पिक्सेलचं औषध. काचेवरही धुळीचे कण, रसायनातले डाग असले ठिपके असायचेच. मग तारा कुठला आणि डाग कुठला? त्या पॅरिसच्या योजनेत नकाशासाठीच्या काचेवर एकाच भागाचे तीन फोटो घ्यायचे, आणि दर वेळी दुर्बीण अगदी किंचित सरकवायची असा नियम होता. त्यामुळे प्रत्येक तारा म्हणजे तीन ठिपक्यांचा इवलासा त्रिकोण होई. एकटा ठिपका दिसला तर तो डाग. आणि त्रिकोण वेडावाकडा दिसला तर तो तारा नव्हे, सरकणारा लघुग्रह! शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांची ही युक्ती वाचून मी लायब्ररीत कपाळाला हात लावला. आम्ही फक्त एक फोटो काढून नाचलो होतो.

तर अशा घरात हा मुलगा वाढला. वडिलांबरोबर वेधशाळेत जायचं, दुर्बिणीशी खेळायचं, हे त्याच्या लेखी मैदानावर जाण्यासारखंच असणार. निजाम कॉलेजात शिकताना तो रूपविकारी ताऱ्यांचे वेध घ्यायला लागला, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे तारे. आणि पदवी मिळायच्या आधीच त्याचे त्यावरचे लेख छापून आले. रूपविकारी ताऱ्याचं काम करायचं तर आजूबाजूचे तारे पाठ लागतात. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून बघितल्याशिवाय आज हा मंद आहे की तेजस्वी हे ठरवताच येत नाही. बाप्पूंची नजर तयार झाली ती इथे, असं मला वाटतं. हार्वर्डला नंतर गेले.

मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. झाली. पण खगोलशास्त्रात पुढे शिकायचं तर तेव्हा देशात सोय नव्हती. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. ही तारीख माझ्या रूममेटला सांगावी लागत नाही, १७ सप्टेंबरला त्यांच्याकडे झेंडावंदन असतं, कारण मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या उलथापालथीनंतर काही महिन्यांतच हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर बाप्पू अमेरिकेत हार्वर्डला पोचले. साल १९४९.

हार्वर्डची वेधशाळा म्हणजे काचांचं गोदामच. लाखो काचा. याच काचा बघून हेन्रिएटा लेविट या बाईंनी दोन हजारांवर रूपविकारी तारे शोधले आणि त्यातून ताऱ्यांची अंतरं मोजायची किल्ली जगाला दिली. ॲनी कॅनन यांनी साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांचे वर्णपट बघून त्यांची वर्गवारी केली. दुर्बिणीवर बसायची मुभा त्या काळी बायकांना सहसा मिळत नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला काचा आल्या. आमच्या हॉस्टेलची गच्ची रात्री नऊला कुलूपबंद होते, त्यामुळे मला हे फारच जवळचं वाटलं. असो!

२ जुलै १९४९. बाप्पू हार्वर्डला येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. वेधशाळेच्या श्मिट दुर्बिणीने आकाशाच्या एका भागाचा फोटो काढण्याचं काम त्यांच्याकडे होतं. श्मिट दुर्बिणीचा गुण असा की ती एका दमात आकाशाचा मोठा तुकडा टिपते. काच धुऊन बघितली तर ताऱ्यांच्या ठिपक्यांत एक ठिपका बाकीच्यांसारखा नव्हता. तारा काचेवर टोकदार, नेटका उमटतो. धूमकेतू धूसर, पसरट उमटतो, आणि ताऱ्यांच्या मानाने सरकतही असतो. हजारो ठिपक्यांत हा एक पाहुणा आहे हे बाप्पूंना कळलं. त्यांचे शिक्षक बार्ट बोक आणि बरोबरचे विद्यार्थी गॉर्डन न्यूकर्क यांनी त्याची खात्री करण्यात हात लावला, आणि धूमकेतूचं बारसं झालं बाप्पू-बोक-न्यूकर्क.

नुसता सापडला म्हणून थांबले नाहीत, त्याची कक्षाही मांडली. तो सूर्याभोवती एक फेरी करायला साधारण ६० हजार वर्षं घेतो असं निघालं. या शोधासाठी ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ द पॅसिफिक या संस्थेचं डोनहो पदक त्यांना मिळालं. वय वर्षे बावीस. आपल्याकडे या वयात एखाद्याची केटी सुटलेली नसते. (माझी सुटली आहे.)

१९५२मध्ये पीएच.डी. झाली. मग कार्नेगी फेलोशिप मिळून ते कॅलिफोर्नियाला, माउंट विल्सन आणि पालोमारला गेले. पालोमारला तेव्हा जगातली सर्वांत मोठी, दोनशे इंची दुर्बीण होती. ही फेलोशिप मिळवणारे ते पहिले भारतीय. इथे ऑलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी जे काम केलं ते आज पाठ्यपुस्तकांत विल्सन-बाप्पू परिणाम म्हणून आहे. तेही फोटो बघूनच, पण या वेळी ताऱ्यांचे नाही, ताऱ्यांच्या वर्णपटांचे.

ते थोडं समजावून सांगते, कारण आमच्या वायवाला याच्यावरच प्रश्न आला. चाळीच्या गच्चीवरून लांबवर एक दिवा दिसतो. तो जवळचा झिरोचा बल्ब आहे की दूरच्या स्टेडियमवरचा फ्लडलाइट, हे नुसतं बघून कळत नाही. वॅटेज कळलं तर अंतर काढता येतं. ताऱ्याचंही तेच. सूर्यापेक्षा थंड अशा ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमची के नावाची एक जाड काळी रेघ असते, आणि तिच्या मधोमध एक बारीक उजळ रेघ दिसते. ही उजळ रेघ किती रुंद आहे ते मोजायचं. रुंद असेल तर तारा खरोखरीच तेजस्वी, अरुंद असेल तर मंद. म्हणजे रेघेची रुंदी हे ताऱ्याचं वॅटेज! त्यावरून अंतर. हा निबंध १९५७मध्ये प्रसिद्ध झाला. असं का होतं याची कारणं लोक पुढे कितीतरी वर्षं शोधत बसले, पण रेघ मात्र मोजता येत होती.

आता इथे माणूस अमेरिकेत राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. दोनशे इंची दुर्बीण सोडून परत यायचं, ते कशासाठी? १९५३मध्ये ते परत आले तेव्हा इथे त्यांच्या कामाजोगं काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी वाराणसीत उत्तर प्रदेश सरकारची वेधशाळा निघाली होती, तिची जबाबदारी त्यांनी घेतली. वाराणसीच्या धुळीत आणि धुक्यात तारे कसले दिसणार. त्यांनी ती वेधशाळा उचलून नैनितालच्या डोंगरावर नेली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण सरकारी फायली हलवून आख्खी वेधशाळा हलवतो, ही गोष्ट मला धूमकेतूपेक्षा अवघड वाटते. ज्यांनी आपल्या कॉलेजात एक प्रोजेक्टर दुरुस्त करून घेतला आहे त्यांना पटेल.

१९६०मध्ये ते तमिळनाडूतल्या कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. पस्तिशीही गाठली नव्हती. या वेधशाळेचं आपल्याशी एक नातं आहे आणि ते इंजिनिअरिंगच्या मुलांना माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. पुण्याचं कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं सीओईपी, तिथे १८८८मध्ये एक वेधशाळा होती! भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून कावसजी दादाभाई नेगमवाला या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेल्या प्राध्यापकांनी ती उभी केली. तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळात देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते. त्यांनी तिथे ग्रहणाचे आणि वर्णपटांचे फोटो घेतले. १९१२मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे चालवणारं कुणी नाही म्हणून वेधशाळाच बंद झाली. सामान कोडाईकनालला गेलं. एका माणसावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर कशी जाते, याचं हे उदाहरण बाप्पूंच्या गोदामातच पडलेलं होतं.

कोडाईकनाल सूर्यासाठी उत्तम, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रोज सूर्याचे फोटो काढले जातात. पण ताऱ्यांसाठी रात्री ढग फार. बाप्पूंनी दुसरी जागा शोधायला घेतली आणि जावडी डोंगरातलं कावलूर हे खेडं पक्कं केलं. समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटर, चंदनाचं जंगल, शहराचा उजेड नाही. विषुववृत्तापासून साडेबारा अंशच वर, त्यामुळे दक्षिणेचं बरंचसं आकाश दिसतं. १९६८च्या सुमारास काम सुरू झालं ते ३८ सेंटीमीटरच्या दुर्बिणीने, आणि ती कोडाईकनालच्या वर्कशॉपमध्येच बनवलेली! १९७१मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स ही स्वतंत्र संस्था झाली, पहिले संचालक अर्थातच बाप्पू. १९७२मध्ये जर्मनीहून एक मीटरची झाइस दुर्बीण आली.

तिने आल्या आल्या काम दाखवलं. ७ जून १९७२ला गुरूचा गॅनिमीड हा चंद्र एका ताऱ्यावरून सरकणार होता. कावलूर आणि जावातल्या वेधशाळेने तो क्षण मोजला आणि गॅनिमीडला विरळ वातावरण असावं असं दिसलं. मग आलं १० मार्च १९७७. या वेळी युरेनस एका ताऱ्याला झाकणार होता. झाकायची वेळ अजून आली नव्हती, आणि कावलूरच्या यंत्राने ताऱ्याचं तेज काही सेकंद एकदम पडल्याचं दाखवलं. जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी ते टिपलं. अमेरिकेच्या विमानातल्या वेधशाळेलाही असे झोके दिसले. ती युरेनसभोवतीची कडी होती! गंमत म्हणा की हळहळ, कावलूरच्या मंडळींनी आधी तो युरेनसचा नवा उपग्रह असावा असं छापलं. दिसलं अगदी बरोबर होतं, ओळख पटायला वेळ लागला. मला हे वाचून जरा धीर आला.

त्याच महिन्यात, ३ मार्च १९७७ला, आमच्या वरळीत नेहरू तारांगण सुरू झालं. आजोबांनी माझ्या बाबांना तिथे कित्येकदा बाहेरूनच दाखवलं. आत मी शाळेच्या सहलीला गेले.

बाप्पूंच्या कावलूरच्या निवडीबद्दल तक्रार करायला जागा आहे. तिथे दोन्ही पावसाळ्यांचे ढग येतात, वर्षातल्या बऱ्याच रात्री वाया जातात. त्यांच्याच संस्थेने पुढे लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटरवर दोन मीटरची दुर्बीण बसवली, ती २०००मध्ये. पण १९६८मध्ये हानलेला रस्ता, वीज, संपर्क यांतलं काय होतं? मला वाटतं बाप्पूंनी दुर्बिणीसाठी नुसती जागा निवडली नाही, दुर्बीण दुरुस्त करणारी माणसं जिथे राहू शकतील अशी जागा निवडली.

आणि त्यांना मोठी दुर्बीण विकत आणायची नव्हती, इथेच करायची होती. २.३४ मीटर व्यासाचा आरसा. तो घासून पॉलिश करण्याचं काम बंगळूरला संस्थेच्या प्रयोगशाळेत झालं. डोलारा बनवला कुणी, ठाऊक आहे? आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या शॉपमध्ये दुर्बिणीचा घोड्याच्या नालेसारखा अवजड सांधा बनला, जो पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट, धक्का न बसता, ताऱ्याच्या मागे मागे फिरत राहायला हवा. आमच्या मेकॅनिकलच्या मित्रांनी टॉलरन्सचा विचार करून बघावा.

१९७९मध्ये बाप्पू आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष झाले. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या या संघटनेचे पहिले भारतीय अध्यक्ष. १९८१मध्ये पद्मभूषण. ऑगस्ट १९८२मध्ये ग्रीसमध्ये संघाचं अधिवेशन होतं, अध्यक्ष म्हणून त्यांना तिथे जायचं होतं. पण हृदयाचं दुखणं निघालं, म्युनिकला शस्त्रक्रिया झाली आणि तिकडे अधिवेशन चालू असतानाच १९ ऑगस्ट १९८२ला ते गेले. वय पंचावन्न. मोठी दुर्बीण तेव्हा पुरी झालेली नव्हती.

नेगमवालांच्या वेधशाळेसारखं इथे मात्र झालं नाही. मागच्यांनी काम पुरं केलं. ६ जानेवारी १९८६ला राजीव गांधींच्या हस्ते दुर्बिणीला वेणू बाप्पू यांचं नाव दिलं गेलं. कावलूरच्या आवारात पुढे श्मिट दुर्बिणीने काचांवर फोटो घेऊन लघुग्रह शोधायचं कामही चाललं. १९८८मध्ये तिथे एक नवा लघुग्रह सापडला आणि त्याला रामानुजन हे नाव मिळालं. बाप्पूंच्या नावाचाही एक लघुग्रह आहे, क्रमांक २५९६.

आमच्या प्रोजेक्टला शेवटी पंचविसात अठरा मिळाले. चार ताऱ्यांची पद्धत घातली, मोबाईलच्या भिंगामुळे कडेला जो वाकडेपणा येतो तो काढला, आणि अंबाजोगाईच्या फोटोवर प्रोग्रॅमने मृग, रोहिणी, कृत्तिका बरोबर लिहिलं. वरळीच्या फोटोतले सात ठिपकेही लागले. व्याध, राजन्य, काक्षी, पट्ट्यातले तीन आणि प्रश्वा.

गेल्या ऑगस्टला, म्हणजे २०२५मध्ये, वरळीच्या चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या पाचशे फुटी घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमचा नंबर अजून यायचा आहे, घरचे सध्या भाड्याने राहतात. आजोबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. सेमिस्टरच्या सुट्टीत मी त्यांना अंबाजोगाईचा फोटो दाखवला, प्रोग्रॅमने लिहिलेली नावं न दाखवता. त्यांनी मोबाईल हातात घेतला, आडवा केला, उभा केला. मग तीन ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाले की हा मृग, आत्ताच उगवलाय म्हणून पट्टा उभा दिसतोय. आणि बाजलं कुठे गेलं म्हणून मलाच विचारलं. मी फोटो इकडेतिकडे सरकवत होते तोवर त्यांनीच सांगितलं की ते त्या दिवसांत तिसऱ्या पाळीला वर येतं, तुम्ही झोपला असाल.